टोगा, पोवळे आणि कल्याण बंदर

कल्याणच्या खाडीत एखादे ग्रीक जहाज शिरले, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची शक्यता असे. ही बातमी देणारा माणूस इजिप्तमधला ग्रीक भाषक व्यापारी होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला त्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. पुस्तिकेत त्याने स्वतःचे नाव कुठेही दिलेले नाही. माणूस पक्का हिशेबी. कुठे नांगर टाकावा, कुठे काय खपते, परतताना काय भरावे, एवढ्यातच त्याला रस. सोपारा आणि कल्याण ही नावे तो ओळीने घेतो आणि कल्याणपाशी जरा थांबतो. थोरल्या सातकर्णीच्या काळात हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, असे तो सांगतो. पण सांदनेस नावाच्या कुणाच्या हाती ते गेल्यापासून इथला व्यापार अडवला जातो आणि इथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यानिशी भडोचला पाठवली जातात.

हा सांदनेस कोण, यावर इतिहासकारांचे आजवर एकमत झालेले नाही. कुणी त्याला सातवाहन कुळातला मानतात, कुणी क्षत्रपांच्या बाजूचा. एवढे मात्र नक्की की दख्खनचे सातवाहन आणि गुजरात-माळव्याकडचे क्षत्रप यांच्या भांडणात कल्याण सापडले होते. भडोच क्षत्रप नहपानाकडे होते आणि परदेशी जहाजाची जकात आपल्याच बंदरात पडावी असे कोणत्याही राजाला वाटणारच. जहाजाचा कप्तान बिचारा उल्हास नदीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचे गणित जमवत येणार आणि पुढे शिपाई उभे.

पण एवढा धोका पत्करून तो इथे येतच का होता? त्याचे उत्तर रोमच्या कपाटात आहे.

रोममध्ये माणसाचा दर्जा त्याच्या अंगावरून वाचता येई आणि तो वाचता यावा याची कायद्याने व्यवस्था केलेली होती. नागरिक पुरुषाचा पोशाख म्हणजे टोगा. लोकरीचे, साधारण अर्धवर्तुळाकार, पाच-सहा मीटर पसरणारे हे वस्त्र. त्याला ना शिवण, ना बंद, ना काटा. नऊवारी चापूनचोपून नेसणाऱ्या घरात त्याची अडचण समजावून सांगावी लागणार नाही; फरक एवढाच की नऊवारी नेसून बाई शेतात लावणी करते, आणि टोगा घातलेल्या रोमनाचा डावा हात घड्या सावरण्यातच अडकलेला असे. श्रीमंताकडे तो नीट चढवायला गुलाम असत. परदेशी माणसाला आणि गुलामाला टोगा घालण्याची मुभा नव्हती. सरकारी अधिकाऱ्यांच्या आणि चांगल्या घरातल्या मुलांच्या टोग्याला जांभळा काठ असे. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार आपला टोगा खडूने पांढराफेक करून घेई. आतल्या अंगरख्यावर, म्हणजे ट्युनिकवर, सिनेटरला रुंद जांभळे पट्टे आणि त्याखालच्या ‘अश्वारोही’ वर्गाला अरुंद. लग्न झालेल्या प्रतिष्ठित बाईने घोट्यापर्यंत येणारा स्टोला घालायचा आणि बाहेर पडताना वरून पाल्ला नावाची शाल घ्यायची. उलट वेश्येच्या अंगावर टोगा, म्हणजे पुरुषाचा मानाचा पोशाख हीच तिची बदनामी.

पायांचीही तीच तऱ्हा. टोग्याबरोबर घालायचा तो कॅल्सियस, म्हणजे बंद चामडी जोडा. सिनेटरच्या जोड्याचे पट्टे वेगळे, जुन्या सरदारघराण्याच्या जोड्यावर चंद्रकोर. घरात घालायच्या सपाता घालून रस्त्यावर फिरणे हे गबाळेपणाचे लक्षण. सैनिकाच्या पायात कॅलिगा, तळाला लोखंडी खिळे ठोकलेल्या जाड पट्ट्यांच्या वहाणा. र्‍हाईनच्या छावणीत एका सेनापतीचा लहान मुलगा सैनिकांसारखाच पोशाख आणि तसल्याच वहाणा घालून फिरे, म्हणून शिपायांनी लाडाने त्याला त्या वहाणांचे नाव दिले. तो पुढे सम्राट झाला. जगाला त्याचे खरे नाव गायस फारसे माहीत नाही, कॅलिग्युला मात्र माहीत आहे. इ. स. 301 मध्ये सम्राट डायोक्लेशनने वस्तूंचे कमाल भाव ठरवणारे फर्मान काढले, त्यातही जोड्यांची ही उतरंड शाबूत होती: सरदारी जोडा 150 दिनार, सिनेटरचा 100, अश्वारोह्याचा 70.

इतके असूनही लोक टोगा टाळायचेच. कोण उन्हाळ्यात लोकर गुंडाळून घेईल? ऑगस्टसला एकदा सभेत गडद रंगाच्या झग्यांची गर्दी दिसली तेव्हा तो संतापला आणि फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, टोग्याशिवाय कुणी दिसता कामा नये असा हुकूम अधिकाऱ्यांना दिला, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो. तत्त्वज्ञ सेनेकाने सांगितलेली गोष्ट तर याहून बोलकी आहे. गुलामांना वेगळा पोशाख असावा असा विचार एकदा सिनेटमध्ये निघाला होता. मग कुणाच्या तरी लक्षात आले की गुलाम आपली संख्या मोजायला लागले तर काय होईल. तो विचार तिथेच सोडून देण्यात आला.

अशा या बांधेसूद समाजात पूर्वेचा माल आला आणि घोटाळा झाला. पट्टा किती रुंद हे कायदा ठरवू शकतो. मोती कुणी विकत घ्यायचा हे तो ठरवू शकत नाही. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे मोती, मग तो सिनेटर असो की काल-परवा मोकळा झालेला गुलाम. पेट्रोनियसने आपल्या कादंबरीत रंगवलेला त्रिमाल्किओ हा असाच एक मुक्त गुलाम. सोन्याची अंगठी घालायचा हक्क अश्वारोह्यांना होता, याला नव्हता. म्हणून हा गृहस्थ करंगळीत मुलाम्याची मोठी अंगठी घालतो आणि शेजारच्या बोटात सोन्याची वाटणारी दुसरी, जिच्यावर लोखंडाचे तारे बसवलेले आहेत. कायदाही पाळला आणि हौसही भागली.

इ. स. 16 मध्ये सिनेटने पुरुषांनी रेशीम वापरू नये असा ठराव केला. (आज कल्याणजवळ शहाडला रेयॉनचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा कारखाना आहे आणि ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी 2009 पर्यंत चालू होती. रोमन सिनेटरांना इथे आणून उभे केले असते तर नेमके कुठे नाक मुरडावे हा पेच पडला असता.) त्या ठरावानंतर सहा वर्षांनी पुन्हा उधळपट्टीविरुद्ध कायदा करावा अशी मागणी आली, तेव्हा सम्राट टायबेरियसने सिनेटला पत्र लिहून हात वर केले. बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांच्या, शत्रूंच्या देशात जातो हे त्याला पुरते मान्य होते. पण कायदा करून लोक ऐकतील यावर त्याचा विश्वास नव्हता.

या सगळ्या तक्रारींचा मुनीम म्हणजे थोरला प्लिनी. पेशाने आरमाराचा अधिकारी, आवडीने विश्वकोशकार. हिंदुस्थान दरवर्षी आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि त्या बदल्यात येणारा माल आपल्याकडे मूळ किमतीच्या शंभर पटीला विकला जातो, असे तो एका ठिकाणी म्हणतो. दुसऱ्या ठिकाणी हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दहा कोटी, आणि हा सगळा चैनीचा आणि बायकांचा खर्च, असे बायकांच्या नावावर बिल फाडून मोकळा होतो. लोलिया पौलिना ही कॅलिग्युलाची एके काळची बायको. तिला प्लिनीने एका साध्या साखरपुड्याच्या जेवणात पाहिले. डोके, केस, कान, गळा, बोटे, सगळीकडे पाचू आणि मोती एकाआड एक गुंफलेले. एकूण किंमत चार कोटी सेस्टर्स, आणि कुणी शंका घेतलीच तर दाखवायला खरेदीच्या पावत्याही तयार. त्या काळी रोमन पायदळ शिपायाला वर्षाला 900 सेस्टर्स मिळत. म्हणजे बाईंच्या अंगावर चव्वेचाळीस हजारांहून जास्त शिपायांचा वर्षभराचा पगार लटकत होता. पैसा तिच्या आजोबांनी प्रांतांतून लुबाडलेला, हे सांगायलाही प्लिनी विसरत नाही.

मोत्यांची हौस पायापर्यंत उतरली होती. वहाणांच्या पट्ट्यांवर मोती, सबंध सपातांवर मोती; यांना मोती अंगावर घालून पुरत नाही, त्यांच्यावरून चालायचेही असते, असा प्लिनीचा जळफळाट. कानात दोन-तीन मोती एकत्र लोंबवायचे, म्हणजे चालताना ते एकमेकांवर आपटून किणकिणतात, हीही फॅशन होती.

प्लिनीच्या आकड्यांवर मी फार विसंबणार नाही. ते हिशेबनीसाचे नसून चिडलेल्या माणसाचे आकडे आहेत. शिवाय तो एक गोष्ट सांगत नाही. पूर्वेहून आलेल्या मालावर रोमन सरकार 25 टक्के जकात घेत होते. हिंदुस्थानी माल तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके किंवा मायोस होर्मोस बंदरात उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलवर कोप्तोसला येई आणि नदीने अलेक्झांड्रियाला जाई. बेरेनिके ते कोप्तोस हा टप्पाच बारा दिवसांचा. तेव्हा बायकांच्या नावाने बोटे मोडणारे राज्य आणि त्याच मालावर गल्ला भरणारे राज्य एकच होते.

आता आपल्या बाजूला येऊ. मोती मुख्यतः मन्नारच्या आखातातले, रेशीम चीनचे. त्यात आपला वाटा नाही. आपला माल दोन प्रकारचा. पेरिप्लसकार सांगतो की पैठणहून गोमेद-अकीक मोठ्या प्रमाणावर येतो आणि तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. हा माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात, हेही तो नोंदवतो. नकाशा पाहिला तर यातला आतबट्ट्याचा व्यवहार लगेच दिसतो. तेरहून कल्याण जवळ, भडोच कितीतरी लांब. जुन्नरहून नाणेघाट उतरला की वैशाखरे, मुरबाड आणि मग थेट कल्याणची खाडी. सातवाहनांनी हा घाट उगाच बांधून काढला नव्हता. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा लांबलचक लेख आहे, सिमुक-सातकर्णींच्या मूर्ती होत्या (मूर्ती फुटून गेल्या, वरची नावे उरली) आणि लोक ज्याला जकातीचा रांजण म्हणतात ते दगडी भांडे आजही तिथे आहे. कल्याण बंद झाले म्हणजे हा सरळ रस्ता वांझ झाला आणि कापडाच्या गाड्या उत्तरेकडे वळल्या.

गंमत अशी की ज्या नहपानाच्या बाजूने ही नाकेबंदी फायद्याची होती, त्याच्याच घरातून दख्खनच्या विणकरांबद्दलचा सगळ्यात चांगला पुरावा मिळतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष 42. त्याने भिक्षूंसाठी लेणे दिले आणि सोबत 3,000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती ठेवली गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघटनांकडे. एका श्रेणीकडे 2,000, महिना शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे 1,000, महिना शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी द्यायचे. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला 240. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही 240. एक कवडी इकडची तिकडे नाही. कोष्ट्यांकडे राजाचा जावई बिनधास्त पैसे ठेवतो आणि ते वर्षानुवर्षे व्याज देत राहतील असे धरून दगडावर कोरून ठेवतो, यावरून त्या धंद्यात किती पैसा खेळत होता हे समजते. तलम कापडाच्या त्या ठोक मागणीत अलेक्झांड्रियाचा वाटा असणारच.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पराभूत राजाचे नाणे मोडीत न काढता त्याच्या तोंडावर आपला शिक्का हाणायचा, यात काटकसरही आहे आणि अपमानही. त्यानंतरच्या काळात कल्याण पुन्हा श्वास घेऊ लागलेले दिसते, आणि ते दिसते कान्हेरीच्या लेण्यांत. तिथल्या दानलेखांत कल्याणची माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. कल्याणचा सोनार स्वामिदत्त याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके खोदवून दिले. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिली. शेजारच्या सोपाऱ्याचा नागपालित हा मणिकार, रत्नांचा कारागीर, तोही दात्यांत आहे. राजे आणि सेनापती यांच्या रांगेत हे सोनार-लोहार स्वतःच्या धंद्याच्या नावानिशी उभे राहतात. स्वामिदत्ताच्या पेढीवर काय काय येत असेल याचा अंदाज बांधायला पेरिप्लस पुरेसा आहे.

कारण माल इकडून तिकडे जात होता तसा तिकडूनही येत होता. भडोचला काय उतरते याची यादी पेरिप्लसकार देतो. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, काच, सोन्या-चांदीची नाणी हे सगळे आहेच. पण त्यात साधे आणि नकली सगळ्या तऱ्हेचे कापड आहे, हातभर रुंदीचे रंगीबेरंगी कमरपट्टे आहेत, डोळ्यांत घालायचा सुरमा आहे, आणि राजासाठी खास भारी उंची वस्त्रे आणि अत्तरे आहेत. ज्या देशातून मलमल जाते त्याच देशात रोमन साम्राज्यातले पट्टे येतात. लोकांना आपल्याकडे बनत नाही तेच हवे असते, दुसरे काय?

याच यादीत पोवळे आहे. भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे. प्लिनी म्हणतो, आपल्या बायकांना हिंदुस्थानी मोत्यांचे जेवढे वेड तेवढेच हिंदुस्थानी पुरुषांना पोवळ्यांचे. तिकडचे ज्योतिषी ते अंगावर बाळगल्याने संकट टळते असे सांगतात. या निरीक्षणात मात्र त्याचे काही चुकलेले नाही. मंगळसूत्रात वाट्यांशेजारी पोवळे ओवणे, मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालणे, हे ठाण्या-कल्याणच्या सराफ कट्ट्यात आजही रोजचे आहे. चांगले पोवळे अजूनही इटलीतून येते. व्हेसूव्हिअसच्या पायथ्याचे तोर्रे देल ग्रेको हे गाव आज पोवळ्याच्या कामासाठी जगभर ओळखले जाते. पाट्या बदलल्या, सरकारे बदलली, पण हा एक माल आपला मार्ग धरून राहिला आहे.

नाण्यांचेही तसेच. रोमन सोन्याची नाणी भारतात भोके पाडलेली, कडी बसवलेली सापडतात. म्हणजे सम्राटाचे मुंडके इथे गळ्यात लटकत होते. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांच्यासाठी त्या नाण्यांच्या मातीच्या नकला होत्या, ओवायला भोक किंवा कडी असलेल्या; तेरला आणि दख्खनच्या इतर जुन्या गावांत त्या मिळाल्या आहेत. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या प्रदेशात याचे नवल वाटू नये.

इथल्या लोकांचे राहणे कसे होते ते कान्हेरीच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर पाहता येते. तिथे मोठ्या आकाराची दंपतीशिल्पे आहेत. पुरुषांच्या डोक्याला भारी पागोटी, बायकांच्या कमरेला जड मेखला, कानात मोठी कर्णभूषणे, हातात कडी, पायात ठसठशीत तोडे. अंगावर कापड इतके तलम कोरले आहे की घडीच्या रेषा पाहिल्याशिवाय ते कळतही नाही. आणि पाय अनवाणी. रोमन शिल्पात जोडा हा मानाचा भाग, सातवाहन शिल्पात घोट्याचा दागिना. याचा अर्थ पादत्राणे नव्हती असा नाही. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस याने त्याआधी कितीतरी शतके लिहिले होते की हिंदुस्थानी लोक पांढऱ्या चामड्याचे, नक्षीकाम केलेले जोडे घालतात आणि उंच दिसावे म्हणून त्यांचे तळवे जाड असतात. हिलची हौस तेव्हापासूनची, तीही पुरुषांची.

हाच साज ल्यायलेली एक बाई इटलीत जाऊन पोचली. 1938 मध्ये पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची वीतभराहून थोडी उंच मूर्ती सापडली. रोमनांच्या हिशेबाने ती नग्नच आहे, कारण टोगा नाही, स्टोला नाही. पण तिच्या अंगावर जागा कुठे उरली आहे? गळ्यात हारांचे पदर, कमरेला रुंद मेखला, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या आणि घोट्यापासून पोटरी झाकत वर गेलेले तोडे. दोन बाजूंना दोन दासी, शृंगाराचे सामान घेऊन. वर डोक्यातून आरपार भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या लहान मेजाचा पाय. सुरुवातीला ती लक्ष्मी म्हणून गाजली. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती कुठे मिळाल्या, तर जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला. तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले असल्याने ती वायव्येकडून गेली असाही एक पक्ष आहे. मला दख्खनची बाजू जास्त पटते, कारण तेरची मूर्ती आणि ही शेजारी ठेवली तर दोघींचा सराफ एक वाटतो. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन ज्याने त्याने खात्री करून घ्यावी.

पाँपेई पुरले गेले ते इ. स. 79 मध्ये. त्याच उद्रेकात, काही कोसांवर स्टॅबिए इथे, लोकांच्या मदतीला जहाजे घेऊन गेलेला थोरला प्लिनी मरण पावला. हिंदुस्थानी चैनीवर आयुष्यभर ताशेरे ओढणारा माणूस आणि हिंदुस्थानी दागिन्यांनी मढलेली ती बाई, दोघांवर एकाच डोंगराची राख पडली.

हस्तिदंत टिकला. दगडावरचे लेख टिकले. कापडाचे काय? कोकणच्या दमट हवेत दोन हजार वर्षे कापड टिकणे अशक्य, आणि देशावरही त्याची चिंधी उरलेली नाही. तगरच्या मलमलीची आपण नुसती नावे घेतो. पण इजिप्तच्या वाळवंटात पाऊस नाही. बेरेनिकेच्या उत्खननात त्या बंदराचे जुने उकिरडे सापडले, आणि त्यांत मिरी, सागवानी लाकडाचे तुकडे आणि सुती चिंध्या. या चिंध्या हिंदुस्थानी कशावरून? सुताच्या पिळावरून. इजिप्तमध्ये सूत कातताना पीळ एका दिशेला पडे, त्याची तिरकी रेघ इंग्रजी ‘एस’च्या मधल्या रेघेसारखी. हिंदुस्थानात पीळ उलटा, ‘झेड’सारखा. भिंगाखाली धागा धरला की हात कुठला ते कळते. ताणा आणि बाणा दोन्ही ‘झेड’ पिळाचे असलेले सुती कापड बेरेनिकेत भरपूर मिळाले. काही जाडेभरडे आहे, ते शिडाचे. काही निळीत बुडवलेले, मेण किंवा तत्सम लेपाने नक्षीची जागा राखून रंगवलेले. ते नेमके तगरच्या मागावर विणले असे म्हणता येणार नाही. पण जिने कुणी ते कातले त्या बाईच्या अंगठ्याची दिशा त्यात राहिली आहे, आणि कातणाऱ्या बहुधा बायकाच असत. प्लिनीच्या हिशेबात रोमच्या बायका येतात, या नाहीत.

आणखी एक विचार त्या उकिरड्यावरून सुचतो. आपण रोमन व्यापार म्हटले की मोती, रत्ने, रेशीम बोलतो, कारण ग्रंथकारांना त्यांचाच राग होता. पण पेरिप्लसकार तगरचे नाव घेताना ‘साधे कापड’ आधी सांगतो. जहाजाचे पोट भरायचे ते साध्या कापडाने. ते अंगरखा शिवायला, शिडाला, ओझी बांधायला लागे, फाटले की चिंधी होई. त्यावर कुठल्या सिनेटमध्ये चर्चा झाली नाही.

पुढच्या शतकांत रोमची मर्जी बदलली. टोगा समारंभापुरता उरला, बाह्यांचे नक्षीदार अंगरखे आले, जे विजार घालणाऱ्यांना रानटी म्हणत त्यांच्याच सैन्यात विजारी रूढ झाल्या. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती प्रवाशाने हिंदुस्थानच्या मोठ्या व्यापारी बंदरांत ‘कल्लियाना’ मोजले आणि तिथून निघणारा माल सांगितला: तांबे-पितळ, शिसवीचे ओंडके आणि अंगावर घालायचे कापड. तिथे इराणहून नेमलेला बिशपही असल्याचे तो नोंदवतो. खाडीवरचा पहारा केव्हाच उठला होता.

बंदराचा मान पुढे ठाण्याकडे सरकला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ‘ताना’ राज्याचे वर्णन केले आहे. इथे उत्तम कमावलेले चामडे बनते आणि सुती कापडही, परदेशी व्यापारी सोने, चांदी, पितळ घेऊन येतात, असे तो लिहितो. मग तो चाचेगिरीकडे वळतो. इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लुटीतले घोडे राजाला द्यायचे, बाकी सगळे तुम्ही ठेवा. पोलोला ही गोष्ट राजाला न शोभणारी वाटली. पेरिप्लसकाराला वाटली नसती. त्याने बंदराचे नाव, मालाची यादी आणि ‘इथे जपून’ एवढे लिहून पुढच्या पानावर चौलची मोजणी सुरू केली असती.